शेवटची चार पाने

मुलांनो, आईने जेवायला तीनदा हाक मारली तरी पुस्तक हातातून सुटत नाही, असे तुमचे कधी झाले आहे का? झाले असेल, तर ते पुस्तक बहुधा रहस्यकथेचे असणार. अशा पुस्तकांविषयी मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

मी यवतमाळच्या एका छोट्या वाचनालयात बरीच वर्षे ग्रंथपाल होतो. आमच्या गावाला पुस्तकांचे प्रेम आहे. १९७३ साली आणि पुन्हा २०१९ साली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पण आमच्या वाचनालयात रहस्यकथांचे कपाट होते मागच्या खोलीत, केरसुणीच्या शेजारी. ते तेथे मीच हलवले होते. ही काही वाचण्यासारखी पुस्तके नव्हेत, असे मला वाटे. आणि खरे सांगतो, त्यांतले एकही पुस्तक मी वाचलेले नव्हते.

१९९२ च्या पावसाळ्यात उर्दू शाळेतला एक मुलगा सभासद झाला. सातवीत होता. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. त्याने विचारले, "सर, जासूसी किताब आहे का?" त्याच्या मामूंकडे इब्ने सफींच्या कादंबऱ्या होत्या. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. तिच्यातले फरीदी आणि हमीद तुमच्याही घरी कोणाला तरी ठाऊक असतील. मी मात्र त्याच्या हातात एका थोर पुरुषाचे जाडजूड चरित्र ठेवले. "आधी हे वाच. मराठी सुधारेल," असे वर म्हणालो. दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत आले. मग प्रवासवर्णन दिले. तेही परत आले. नंतर तो महिनाभर फिरकलाच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो मला बाजारात भेटला. "का रे, येत नाहीस?" मी विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मला मराठी जमत नाही."

ते वाक्य माझ्या मनाला लागले. त्याला मराठी जमत नव्हती, की मला पुस्तक देता येत नव्हते?

मी त्याला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिला. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या शाळेत शिकणारा, अंगाने किडकिडीत. पण जेथे संकट तेथे तो हजर! दोन दिवसांत पुस्तक परत आले. या वेळी मात्र मुलगा दुसरा भाग मागत होता. मग आम्ही दोघे मागच्या खोलीत गेलो.

तेथे बाबूराव अर्नाळकर होते. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एके काळी घरोघरी पोहोचले होते. पुस्तके लहान आणि कथा वेगवान. आणि आणखी एक गंमत त्या मुलानेच मला दाखवली. "सर, हे तर आमचेच शब्द!" तो म्हणाला. गुन्हा, फिर्याद, जामीन, जप्ती, फरार, कैद, हवालदार. सारे फारसी-अरबीतून आलेले. काहींचा अर्थ वाटेत थोडा बदलला आहे. उर्दूत गुनाह म्हणजे पापही. मराठीत गुन्हा म्हणजे कायदा मोडणे. उर्दूतली फर्याद म्हणजे दाद मागणे, गाऱ्हाणे. मराठीतली फिर्याद पोलीस चौकीत नोंदवतात. चरित्रात अडखळणारा हा मुलगा पंचनाम्यात मात्र सरसर पुढे जात होता. तुम्हीही करून पाहा. अर्नाळकर झाले की भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स घ्या. नारायण धारपांच्या भयकथा मात्र जरा थांबून, आणि शक्यतो दिवसा वाचा. त्यांचे एक पुस्तक मी त्याला घाईने दिले होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या अम्मीचा निरोप आला, की पोरगा रात्री दिवा मालवू देत नाही.

एक दिवस तो धापा टाकत आला. हातात पिवळी पडलेली एक जुनी कादंबरी होती. "सर, शेवटची चार पाने नाहीत! खुनी कोण?"

मला सांगता येईना.

"तुम्ही वाचली नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मला चांगली आहे म्हणून कशी दिली?"

मुलांनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती कादंबरी मी घरी नेली आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचली. दुसऱ्या दिवशी आमचा वाद जुंपला. तो म्हणे, खुनी मुनीमच. मी म्हणे, भाचा. मुनिमाच्या छत्रीचा पुरावा त्याने असा काही मांडला, की मला गप्प बसावे लागले. मग मी त्याला चार कोरे कागद दिले. त्याने शेवट मराठीत लिहिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्या तशाच ठेवल्या आणि पाने खळीने चिकटवली.

पुढे ते पुस्तक अनेकांनी नेले. शेवट हाताने का लिहिला आहे, असे एका आजोबांनी विचारले. मुनीमच खुनी कसा, अशी तक्रार मात्र कोणी केली नाही. तो मुलगा पुढे केवढी तरी पुस्तके वाचून गेला. कपाटही मी पुढच्या खोलीत आणले, दाराजवळ.

भाच्यावरचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.