अम्मांच्या कोपराची उंची

आमच्या घरामागे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. घर नवऱ्याचं, आंब्याची कलमं धाकट्या दिरांची, पण कोंबड्या अम्मांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, याबद्दल घरात कधी वाद झाला नाही. अंडी विकून आलेले पैसे बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात जमतात. त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नाही.

गेल्या वर्षी अम्मांच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नमाज त्या खुर्चीवर बसून अदा करू लागल्या आणि ते त्यांनी मनाने स्वीकारलंही. अडचण होती खुराड्याची. आमचा खुराडा साडेचार फूट उंच, त्याला कमरेएवढं दार, आणि अंडी घालायला आत अगदी मागच्या कोपऱ्यात आंब्याच्या दोन जुन्या लाकडी पेट्या जमिनीवर ठेवलेल्या. अंडं आणायचं तर वाकून आत शिरावं लागे. मी आणि माझी मुलगी ते काम करू, असं आम्ही म्हणालो. पण कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घालतात आणि तेव्हा आम्ही दोघी शाळेत. दुपारपर्यंत अंडी तशीच पडून राहिली की तुडवली जातात, विष्ठेने भरतात. एखादं फुटलं आणि कोंबडीला त्याची चव लागली की ती स्वतःच अंडी फोडून खायला शिकते. ही खोड मग सहज जात नाही.

कुवेतहून दिरांचा फोन आला, "अम्मा, विकून टाका सगळ्या. लागतील तेवढे पैसे मी दर महिन्याला पाठवतो." त्यांचा हेतू चांगलाच होता. अम्मा फोनवर गप्प राहिल्या. रात्री मला म्हणाल्या, "अगो, त्याच्या पैशातून मी सदका दिला तर तो त्याचा झाला ना? माझा कसा होईल?" माझा पगार दर महिन्याला माझ्या नावावर जमा होतो, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मेजरिंग टेप काढली आणि आधी अम्मांना भिंतीपाशी उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. ३८ इंच.

युक्ती नवी नाही. अंडी घालायची पेटी खुराड्याच्या आत न ठेवता भिंतीला बाहेरून टांगायची. कोंबडी आतल्या बाजूने भोकातून पेटीत जाते, अंडं घालते आणि परत आत येते. माणूस बाहेर उभं राहून पेटीचं झाकण उचलतो आणि अंडं काढून घेतो. शिवाय आतली जागा अडत नाही, हा वेगळा फायदा.

एका कोंबडीला १२ इंच लांब, १२ इंच रुंद खण पुरतो आणि चार-पाच कोंबड्यांत एक खण चालतो. नऊ कोंबड्यांना दोन पुरले असते, मी तीन करायला सांगितले. एखादी खुडूक होऊन बसली तर बाकीच्यांनी जायचं कुठे? सुतारकाकांचं म्हणणं, एकच लांब पेटी करू, मधले पडदे कशाला. पण कोंबडीला अंडं घालताना आडोसा आणि थोडा अंधार हवा असतो. सगळ्यांना एकत्र बसवलं की धक्काबुक्कीत अंडी फुटतात.

तीन खणांची पेटी बाहेरून किती लांब होईल, हे मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर घातलं. जवळजवळ सगळा वर्ग ओरडला, ३६ इंच! मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, फळीची जाडी?" तिचे अब्बा सुतारकाम करतात. पाऊण इंचाच्या चार उभ्या फळ्या, म्हणजे तीन इंच, एकूण ३९. त्या दिवशी बाकी काही शिकवायची गरज पडली नाही.

लाकूड फणसाचं वापरलं, घरात जुन्या फळ्या होत्या. प्लायवूड स्वस्त वाटतं, पण कोकणातल्या पावसात ते फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. खुराडा एक फूट उंच जोत्यावर आहे. पेटीचा तळ आतल्या जमिनीपासून आणखी एक फूट वर घेतला. बाहेरून पेटीची कड बरोबर ३६ इंचांवर आली, अम्मांच्या कोपराच्या जरा खाली. त्यांना आता फक्त हात खाली सोडावा लागतो. आतली बसायची दांडी मात्र पेटीपेक्षा उंच हवी. आमची अडीच फुटांवर आहे. कोंबड्या रात्री सगळ्यांत उंच जागा शोधतात. दांडी खाली राहिली तर त्या पेटीतच झोपतात आणि सकाळी सगळी घाण पेटीत. भोकाच्या तळाला चार इंच उंचीची पट्टी मारली, म्हणजे पेंढा आणि अंडी आत घरंगळत नाहीत.

झाकण भिंतीकडे १६ इंच आणि बाहेर १२ इंच, असं उतरतं ठेवलं. बाहेरच्या बाजूला दोन इंच पुढे काढलं आणि वर पत्रा ठोकला. तरी खरा धोका बिजागऱ्यांच्या फटीत असतो, भिंतीवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत जातं. त्यावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून अर्धी भिंतीला, अर्धी झाकणाला खिळ्यांनी मारली. झाकण उघडलं की ती वाकते, बंद केलं की फट झाकते. पेटी उत्तरेच्या भिंतीला लावली. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो, आणि दुपारचं ऊनही तिथे येत नाही. शिवाय स्वयंपाकघराचं मागचं दार समोरच आहे.

कडी एक नाही, दोन लावल्या. मुंगूस आणि उदमांजर दोघांचाही आमच्याकडे वावर आहे आणि सैल झाकण म्हणजे त्यांना आवतणच. वरच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडली, त्यांना आतून बारीक जाळी. बिजागऱ्या, कड्या, खिळे असा खर्च पाचशेच्या आत झाला. मजुरी सुतारकाकांनी अंड्यांत घेतली, आणि तो हिशेब अम्मांनी स्वतः केला.

पहिले चार दिवस एकही कोंबडी पेटीकडे फिरकली नाही. आंब्याच्या पेट्या काढल्या होत्या तर त्या कोपऱ्यात मातीवरच अंडी घालू लागल्या. मग अम्मांनी प्रत्येक खणात अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत गोटा ठेवायला सांगितला. दुसरीचं अंडं दिसलं की कोंबडीला जागा सुरक्षित वाटते. पाचव्या दिवशी तांबडी गेली, तिच्यामागून बाकीच्या. गंमत अशी की तीन खण असूनही सगळ्यांना मधलाच हवा असतो. एक आत बसलेली असते आणि दुसरी भोकापाशी उभी राहून कुरकुरत असते. पेंढ्याखाली निरगुडीचा पाला घालणं ही अम्मांची भर; पिसवा लागत नाहीत, असं त्या म्हणतात.

अंडी आता स्वच्छ मिळतात, धुवावी लागत नाहीत. तेही बरंच, कारण कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो आणि धुतलं की तो जातो, मग अंडं टिकत नाही. शेजारच्या दोघी दहा रुपयांप्रमाणे घेऊन जातात. रमजानमध्ये मात्र अम्मा विकत नाहीत, सगळी घरात आणि मोहल्ल्यात वाटतात. दिरांना याचा हिशेब पटत नाही.

माझ्या नणंदेला तिच्याकडे अशीच पेटी हवी आहे. तिचा खुराडा चिऱ्याचा आहे. तिथे भिंत फोडायची गरज नाही; एकावर एक असे दोन चिरे सोडवले की कोंबडीला वाट होते. पेटी भिंतीला न टांगता खाली दोन दगडी खांबांवर टेकवायची आणि कडेची फट सिमेंटने बुजवायची. माप घेताना तिलाही आधी तिच्या सासूबाईंचं कोपर मोजायला सांगितलं आहे. त्या आमच्या अम्मांपेक्षा चांगल्या चार बोटं ठेंगण्या आहेत.