दीपाबाईंचं गाव

“ह्या ओळीत ती रुसलीय की दमलीय?”

ओळखदेख नसताना, भर संध्याकाळी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला हे विचारलं गेलं. शेजारच्या मुलीला नृत्याच्या क्लासमधून घरी आणायचं एवढंच माझं काम होतं. तिची आई आजोबांच्या मोतीबिंदूसाठी मिंटो रुग्णालयात होती. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका क्रॉसवर, खाली किराणा आणि वर गच्चीवर पत्रे घातलेला तो क्लास. विचारणाऱ्या बाईंना सगळ्या मुली अक्का म्हणतात, म्हणून मीही आता अक्काच म्हणते. त्यांच्या हातात झेरॉक्सची पानं होती. मजकूर कन्नड लिपीत, पण भाषा मराठी. तंजावरच्या सरफोजीराजांच्या निरूपणातलं, म्हणजे एकाच कथेवर बांधलेल्या नृत्यरचनांच्या मालिकेतलं, एक पद होतं ते. मुलींना शब्द पाठ होते, अर्थ मात्र अंदाजाने चालला होता.

“तुम्ही मराठी ना? मग सांगा,” अक्का म्हणाल्या. “रुसली असेल तर मान वळेल. दमली असेल तर खांदा पडेल. दोन्ही एकदम करता येत नाही.”

मी ते पद पुन्हा पुन्हा वाचलं. दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, काही शब्द आजीच्या तोंडचे, काही कुणाच्याच तोंडी न उरलेले. रुसलीय, पण भांडायचं त्राण नाही, असं मी सांगितलं. “मग दाखवा,” अक्का सहज म्हणाल्या. आणि मी चपला काढून आत गेले, पिशवी भिंतीशी ठेवली आणि दाखवलं. मान वळली, खांदाही पडला. अक्का थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “असं पण होतं तर.”

त्या दिवसापासून मी नाचते आहे.

पुण्यात मी बारावीपर्यंत भरतनाट्यम शिकत होते. आमच्या बाई आचार्य पार्वतीकुमारांविषयी बोलताना नकळत ताठ बसायच्या. मुंबईच्या ह्या गुरूंनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी निरूपणं शोधून, अभ्यासून, नाचून पाहून उभी केली आणि ‘तंजावूर नृत्य प्रबंध’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांच्याकडे शिकलेल्या सुचेता भिडे-चापेकर पुढे थेट तंजावरच्या नटुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घराण्यातल्या किट्टप्पा पिल्लैंकडे गेल्या. मराठी मुलीने मराठी पदावर भरतनाट्यम करणं ही आम्हाला तेव्हा कुणी दाक्षिणात्य पाहुण्याने दिलेली भेट वाटायची. ती आपल्याच माजघरातून निघालेली वस्तू आहे हे मला कळायला बेंगळूरला यावं लागलं. लग्न करून इथे आले, मुलं झाली, घुंगरू पुण्यात भावजयीकडे राहिले. त्यात दुःखाचं काही नव्हतं. घर भरलेलं होतं, दिवस भरलेले होते.

घरची हालहवाल सांगायची तर मुलगी आता पुण्यात, होस्टेलवर. मी ज्या रस्त्यांनी क्लासला जायचे त्याच रस्त्यांनी ती कॉलेजला जाते आणि ट्रॅफिकची तक्रार करते. मुलगा अकरावीत. सासूबाई धारवाडच्या, त्यांची मराठी अजून धारवाडची आहे. मी पुन्हा नाच सुरू करते आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “कर की गं, त्यात विचारायचं काय? कुकरकडं मी बघते.” नवऱ्याने कपाट सरकवून बैठकीच्या खोलीत जागा करून दिली. मला ह्या घराचं फार आवडतं ते हे, की इथे कुणाच्या आवडीला समारंभपूर्वक परवानगी दिली जात नाही. जागा करून दिली जाते.

शरीराला मात्र वेळ लागला. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, अंग तोलून धरायचं आणि तट्टडवूचा पहिला पाय टाकायचा. मुली ते बोलता बोलता करतात. मला पहिले काही आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागे. अक्कांनी घाई केली नाही. एकदा त्यांनी मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, आज उभं राहायचंच नाही. मग त्यांनी व्यंकटलक्षम्मांविषयी सांगितलं.

के. व्यंकटलक्षम्मा म्हैसूर दरबारच्या नर्तकी. जन्म १९०६चा, कडूरजवळच्या एका लमाणी तांड्यावरचा. लहानपणीच त्या म्हैसूरच्या जट्टी तायम्मांकडे शिकायला राहिल्या, पुढे स्वतः दरबारात नाचल्या, म्हैसूर विद्यापीठात शिकवलं, १९९२मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २००२ साली गेल्या. अक्कांनी त्यांना अगदी उतारवयात पाहिलं होतं. बसल्या जागी, स्वतःच गात, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी त्या एकच ओळ नाना परींनी सांगत. प्रत्येक वेळी वाट पाहणारी बाई वेगळी. कधी ती तरुण असायची, कधी चार मुलांची आई. माझं मत स्पष्ट आहे : अभिनय चाळिशीनंतर शिकावा. विशीच्या आत मी रुसण्याचा हावभाव करत होते. आता रुसणं म्हणजे काय, त्यामागे किती हिशेब असतो, त्यातलं किती आपण मनातच मिटवतो, हे ठाऊक आहे.

ते पद मनात असतानाच आम्ही तंजावरला गेलो. आमच्या सहली एरवी जवळच्या. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषेला बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगा घ्यायला, जानेवारीत लालबागेत फुलं बघायला, पाहुणे आले की नंदी हिल्स. ह्या वेळी मात्र सासूबाईंसकट सगळे संध्याकाळच्या मयिलाडुतुरैच्या गाडीत बसलो आणि पहाटे तंजावरला उतरलो.

राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर १०१० साली पुरं झालं हे आपण शाळेत वाचतो आणि त्याची उंची पाठ करतो. मला तिथे उंचीपेक्षा अक्षरांनी धरून ठेवलं. मंदिराच्या भिंती लिहिलेल्या आहेत. राजराजाने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी ह्या मंदिराच्या सेवेला आणल्या आणि त्यांची यादी दगडावर कोरून घेतली. नुसता आकडा लिहून तो थांबला नाही. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या रस्त्यावर, कुठल्या ओळीत कितवं घर दिलं, वर्षाला किती भात, सगळं. एक हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा घरक्रमांक! आपल्याकडे पेशवाईतल्या नायकिणींची नावंसुद्धा हिशेबाच्या वह्यांतून वेचावी लागतात. मला तमिळ वाचता येत नाही, तरी मी त्या भिंतीला हात न लावता अगदी जवळून चालत राहिले. पुढे कधीतरी ह्याच बायकांच्या वंशातल्या मुलींना समाजाने नावं ठेवली, १९०९च्या सुमारास म्हैसूर सरकारने देवळांतली ही सेवा बंद केली, मग मद्रासनेही केली. कायद्यामागचा हेतू चांगला होता हे मला पटतं. पण ज्यांच्या अंगात हा नाच शतकानुशतकं सांभाळला गेला त्यांच्या हातून तो सुटला आणि आमच्यासारख्यांच्या मुली क्लासला जाऊ लागल्या, हे विसरून घुंगरू बांधू नयेत असंही मला वाटतं. अक्का प्रत्येक तासाच्या सुरुवातीला नमस्कार करवून घेतात. भूमीला, गुरूला. मी त्यात त्या यादीतल्या बायकांना धरते.

गाभाऱ्यावरच्या वरच्या मजल्यावर, विमानाच्या आतल्या प्रदक्षिणामार्गात, नाट्यशास्त्रातली करणं, म्हणजे नृत्यातल्या मूळ हालचाली, कोरलेली आहेत. शिव स्वतः ती करून दाखवतो आहे. सामान्य प्रवाशाला वर जाता येत नाही, आम्ही ती पुस्तकातल्या छायाचित्रांतच पाहिली. एकशेआठांपैकी एक्याऐंशी झाली आणि काम थांबलं. पुढचे दगड बसवलेले आहेत, घडवलेले नाहीत. मुलाला हे फार भावलं. उरलेली सत्तावीस कोणती, असं तो मला विचारत राहिला, आणि हॉटेलवर परतल्यावर मी त्याला एकेक वाचून दाखवत होते, जमतील तेवढी करूनही. सासूबाई पलंगावरून ताल धरत होत्या.

आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर मराठी आहे. देवनागरीत. सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसलेवंशाचं चरित्र तिथे कोरवून घेतलं. तमिळ दगडांच्या त्या गावात ओळीमागून ओळ मराठी वाचत जाताना नवऱ्याचा आवाज बदलला होता. तो मोठ्याने वाचत होता, आणि व्यंकोजीराजांचं नाव आल्यावर थांबला.

आपण व्यंकोजीराजांना फार थोडक्यात आटोपतो. शिवरायांचे सावत्र भाऊ, त्यांच्याशी वाटणीवरून वाद, मग तंजावर, संपलं. मला हे मनापासून खटकतं. शहाजीराजे १६३८च्या स्वारीनंतर बेंगळूरला राहिले. त्यांच्या इथल्या दरबारात किती भाषांचे कवी होते हे जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, आणि इतिहासकार राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२मध्ये छापला म्हणून आपल्याला ते वाचायला मिळतं. असल्या बहुभाषी घरात वाढलेला मुलगा १६७५-७६च्या सुमारास तंजावरला गेला आणि त्याच्या वंशाने तिथे तेच केलं. त्याचे पुत्र शाहराज १६८४मध्ये गादीवर आले. त्यांनी तेलुगूत लिहिलं आणि मराठीतही नाटकं लिहिली, पहिलं मराठी नाटक मानल्या जाणाऱ्या सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’च्या सुमारे दीडशे वर्षं आधी. तुळजाराजे संगीतावर ग्रंथ लिहितात. सरफोजीराजे एकाच कथाविषयावर नृत्याचा सबंध कार्यक्रम बांधतात, जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, असं करत मंगळापर्यंत, आणि शब्द मराठी. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज जगभरातली मुलगी अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, अलारिप्पूने सुरुवात करते आणि तिल्लानाने शेवट करते, तो क्रम ह्या चौघांनी घट्ट केलेला. त्यातले थोरले चिन्नय्या पुढे तिसऱ्या कृष्णराज वडियारांकडे म्हैसूरला आले. म्हणजे बेंगळूरहून निघालेलं एक मराठी घर तंजावरला गेलं, आणि त्या घरी वाढलेला नाच पुन्हा कर्नाटकात आला. एखादं राज्य जिंकणं मोठंच आहे. पण राज्य गेल्यावरही ज्याच्या ताटातलं लोक जेवत राहतात, त्याला आपण इतिहासात अर्ध्या ओळीची जागा देतो हे मला योग्य वाटत नाही.

दीपाबाई व्यंकोजीराजांच्या राणी. भावाभावांचा तंटा मिटवायला त्यांनी पुष्कळ केलं असं सांगतात, आणि समझोता झाला तेव्हा शिवरायांनी बेंगळूर व आसपासचा मुलूख आपल्या ह्या भावजयीला चोळीबांगडीसाठी दिला. हे मी सासूबाईंना गाडीत सांगितलं. त्या काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “सबंध बेंगळूर? चोळीबांगडीला?” १६८७मध्ये मुघलांनी शहर घेतलं आणि चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकलं, हे ऐकून त्यांना फारच वाईट वाटलं. आता भाजीवाल्याने किंमत वाढवून सांगितली की त्या मला म्हणतात, “दीपाबाईंचं गाव आहे हे, सांभाळून बोल म्हणावं.”

आमची चामराजपेट तेव्हा नव्हतीच. किल्ल्यापलीकडे ही वसाहत १८९२ साली आखली गेली, चामराजेंद्र वडियारांच्या नावाने, पाच मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस. कन्नड साहित्य परिषद इथेच आहे, कल्याणम्मांनी मुलांसाठी काढलेली मक्कळ कूट इथेच. १९३९पासून रामनवमीला फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो आणि महिनाभर गाणं चालतं. आम्ही जेवणं लवकर उरकून जातो. मांडवाबाहेर कोसंबरी आणि पानक, आत पुढच्या रांगेतले आजोबा मांडीवर ताल धरून बसलेले. अक्का त्या गर्दीत भेटल्या की आम्ही दोघी शेजारी बसतो, आणि एखादी जागा आली की त्यांचा हात मुद्रेत जातो, माझाही.

सध्या माझ्या डोक्यात सरफोजीराजांची ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. कुरवंजी म्हणजे हात बघून भविष्य सांगणारी डोंगरातली बाई, दक्षिणेतल्या नृत्यनाट्यांची लाडकी. राजांनी मराठीत कुरवंजी लिहिली आणि तिच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला! खंडं, देश, गाण्यांतून, नाचत. मुलांना भूगोल शिकवायची ह्याहून छान तऱ्हा मला माहीत नाही. अक्कांच्या क्लासमधल्या मुली कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू घरांतल्या आहेत. त्यांच्याकडून ती बसवावी असं मी सुचवलं आणि अक्कांनी लगेच वही काढली. मजकूर मी लावून द्यायचा, अडवू त्या बांधणार, मागच्या पडद्याचा नकाशा मुलगा काढणार. मुलगी डिसेंबरच्या सुट्टीत येते आहे, तिला मृदंगमच्या बोलांवर पढंत करायला बसवू. कुरवंजी कोण, हे अजून ठरलेलं नाही. मुली म्हणतात आंटींनीच करावं, आणि मला ती भूमिका हवी आहे.