थांबण्याची ताकद

आम्ही कोकणातले. चिपळूणजवळच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो. बी.एड. झालो, नोकरी लागली आणि आमचं जग शाळा, घर आणि परशुराम घाट एवढ्यात मावलं. बर्फ आम्हाला ठाऊक होता तो मासळीच्या टोपलीतला. टायरचं म्हणाल, तर पावसाळ्याआधी मोटारसायकलचा मागचा टायर गोटा तर झाला नाही ना, एवढं पाहण्यापुरतं ज्ञान. असा माणूस हिवाळी टायरवर लिहायला बसला म्हणजे वाचकांना हसू येणारच. पण आपल्या किती घरांतली मुलं आज कॅनडा-इंग्लंडपर्यंत पोहोचली आहेत! आखातातल्या उन्हाच्या गोष्टी आपल्या घराघरांत मुरल्या आहेत. बर्फाच्या गोष्टी अजून नव्या आहेत. म्हणून हा खटाटोप.

आमचा धाकटा भाऊ कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरी शहरात राहतो. 2022 च्या दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही त्याच्याकडे गेलो. तिकीट त्यानेच पाठवलं होतं. त्याच्या दारात एक सेकंडहँड जीप रँग्लर उभी होती. उंच, चौकोनी, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी. आधीच्या मालकाने तिला चिखलात जाणारे रुंद टायर बसवले होते. हाताच्या पंजाएवढे त्यांचे गुटके, गुटक्यांमध्ये बोट जाईल एवढ्या खाचा. भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाला, "भाई, ही गाडी कुठेही जाते."

त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाते हो भाईजान. मला तिच्या थांबण्याची काळजी असते."

ही काळजी उगाच नव्हती. ती कॉकरेन नावाच्या गावी वृद्धांच्या निवासात रात्रपाळी करते. कॅलगरीहून तिकडे जाताना गाव येण्याआधी मोठा उतार लागतो. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत. पण उतार तो उतारच, आणि खाली सिग्नल. त्यातून कॅलगरीची हवा मोठी लहरी. हिवाळ्यात डोंगरांकडून चिनूक नावाचा उबदार वारा येतो. काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो, बर्फ वितळून रस्त्यावर पाणी होतं. रात्री गारठा परतला की त्याच पाण्याची काच होते. डांबर काळं दिसतं, कोरडं वाटतं, आणि त्यावर बर्फाचा पातळ थर असतो. आमची भावजय निघते ती नेमकी त्याच वेळेला.

प्रश्न पैशांचा होता. नवे चार हिवाळी टायर आणि त्यांच्यासाठी वेगळ्या लोखंडी रिम, असा खर्च दोन हजार डॉलरच्या घरात जात होता. तेवढीच रक्कम भावाने अम्मीला पुढच्या उन्हाळ्यात कॅनडा दाखवण्यासाठी बाजूला ठेवली होती. भावाचं म्हणणं असं की अल्बर्टात हिवाळी टायरची सक्ती नाही. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर ऑक्टोबरपासून ती आहे. पण तिथेही ‘एम प्लस एस’ अशी अक्षरं असलेला टायर कायद्याला चालतो, आणि ती अक्षरं या टायरवर आहेतच. मग अम्मीचं तिकीट का मोडायचं?

आम्ही मास्तर. वाद मिटवायचा तर आधी धडा वाचायचा, ही आमची सवय. दोन दिवस भावाच्या संगणकावर बसून वाचलं, तिसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात जाऊन तिथल्या वयस्कर कारागिराला प्रश्न विचारले. जे समजलं ते साध्या शब्दांत मांडतो.

मराठीत ज्याला घर्षण म्हणतात, त्याला आमच्या उर्दू पुस्तकात ‘रगड’ म्हणतात. गाडी निघते रगडीवर आणि थांबतेही रगडीवर. चारही चाकांना ताकद मिळाली की निघताना फायदा होतो. एक चाक फिरत राहिलं तरी दुसरं ओढून नेतं. ब्रेक मात्र साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. थांबताना या महागड्या यंत्रणेचा उपयोग जवळजवळ नाहीच. उलट जीपचं वजन जास्त, म्हणून तिला रोखणं अधिक कठीण. बर्फावर सहज निघालेल्या गाडीमुळे चालवणाऱ्याला रस्ता चांगला वाटतो, आणि खरा रस्ता कळतो तो पहिल्या ब्रेकला.

आता टायर. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसत नाही, वरून घसरतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि इतर घटकांचा मेळ असा घातलेला असतो की उणे वीसमध्येही ते मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक गुटक्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. गाडीच्या भाराने त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. चिखलाच्या टायरचे गुटके मोठे आणि अखंड. चिखल झटकून टाकायला उत्तम, पण काचेसारख्या बर्फावर त्यांना धरायला कडाच नाहीत.

‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं टायरच्या नक्षीची ठेवण पाहून दिली जातात. त्यासाठी बर्फावर चाचणी होत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण मात्र चाचणीनंतरच मिळते. दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या नमुना टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. क्युबेक प्रांतात 2008 पासून हिवाळी टायरची सक्ती आहे. आता ती 1 डिसेंबर ते 15 मार्च अशी असते आणि तिथे ही डोंगराची खूण लागते.

इथे भावाने मधला मार्ग काढला. वर्षभर चालणाऱ्या काही दणकट टायरवरही ही डोंगराची खूण असते. मग तेच का घेऊ नयेत? दुकानातल्या कारागिराने शांतपणे सांगितलं की ही परीक्षा दाबलेल्या बर्फावर पुढे ओढण्याची आहे. काचेसारख्या बर्फावर ब्रेक मारण्याची ती नाही. वर्षभराचा टायर जुलैच्या उन्हातही टिकायला हवा, म्हणून त्याचं रबर फार मऊ करता येत नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवतं, कुठे आणि किती वाजता?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर तिथेच मिळालं होतं.

बाकीचं त्यानेच उलगडून सांगितलं. टायर रुंद नको, कंपनीने मुळात दिलेल्या मापाचा, 245/75 आर 17, घ्या. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली रस्त्यापर्यंत जातो. भार पेलण्याचा आकडा गाडीच्या पुस्तकाशी जुळवून पाहा. दोनच टायर घेऊन पैसे वाचवू नका. पुढची चाकं धरतील आणि मागची घसरून गाडी गोल फिरेल. टायर जुना तर नाही, हे बाजूवरच्या चार आकड्यांवरून पाहा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. हवा दर महिन्याला तपासा, कारण पारा साडेपाच अंशांनी उतरला की हवेचा दाब साधारण एका पाउंडाने घटतो. आणि एप्रिलनंतर हे टायर काढून ठेवा, नाहीतर उन्हात हे मऊ रबर लवकर झिजेल. सहा महिने एक जोड आणि सहा महिने दुसरा, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं टिकतील. भावाला हा शेवटचा हिशेब पटला.

तरी निर्णय त्याने घेतला नाही, अम्मीने घेतला. आम्ही फोनवर सगळं समजावू लागलो. तिने आमचा धडा अर्ध्यात तोडला. म्हणाली, "पोरगी रात्री एकटी जाते ना? मग मला काय विचारता? मी एक उन्हाळा उशिरा येते."

टायर बसल्यावर भाऊ एका रिकाम्या पटांगणात गाडी घेऊन गेला. बर्फ पडून दबलेला होता. हळू वेगात ब्रेक लावून पाहिला, मग भावजयीने लावून पाहिला. गाडी सरकली, पण सरळ सरकली आणि थांबली. भावजय एवढंच म्हणाली, "आता ऐकते." तरीही ती रोज वीस मिनिटं आधी निघते. उत्तम हिवाळी टायरलाही बर्फावर थांबायला कोरड्या डांबरापेक्षा कितीतरी लांब जागा लागते. टायरमुळे थोडी संधी वाढते; बाकी काम डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाचं.

परत आल्यावर वर्गात रगडीचा धडा शिकवताना आम्ही मुलांना विचारलं, गाडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती? कुणी इंजिन म्हणालं, कुणी गिअर. मागच्या बाकावरचा, ज्याचे अब्बा टेम्पो चालवतात तो मुलगा म्हणाला, "सर, टायर. बाकी सगळं वर असतं, जमिनीला तोच लागतो." आम्ही दोन दिवस वाचून जे शिकलो, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

अम्मी 2024 च्या जूनमध्ये कॅनडाला गेली. गॅरेजमध्ये चार टायर एकावर एक रचून ठेवलेले होते. भावाने सांगितलं, ती जवळ गेली, बोटाने एक दाबून पाहिला आणि म्हणाली, "हेच का माझं तिकीट? मऊ आहे रे."