आमची घरगुती आगगाडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां दोघां भावांस नेरळाहून छोट्या गाडीनें माथेरानास जाण्याचा योग आला, आणि घरीं परततांच तीच गाडी आपल्या घरांत बांधावयाची असा निश्चय आम्हीं करून टाकला. निश्चय करावयास पांच मिनिटें लागलीं. तो तडीस न्यावयास नाताळ उजाडला.

ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें बांधविली. १९०४ सालीं काम सुरू होऊन १९०७ सालीं ती चालूं झाली. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें तिचा मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला होता. तो पुन्हां बांधून २००७ सालीं गाडी परत डोंगर चढूं लागली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें ६१० मिलिमीटर. आम्हांस जे खेळांतले रूळ मिळाले, त्यांत तेंच अंतर ९ मिलिमीटर होतें. ६१० ला ९ नीं भागिलें, तों भागाकार सुमारें ६८ आला. तेव्हां आमच्या जगांत प्रत्येक वस्तु खऱ्याच्या अडुसष्टाव्या हिश्शाची असावी हें ठरलें. साधारण उंचीचा मनुष्य अडीच सेंटिमीटरांहून किंचित् ठेंगणा झाला.

येथपर्यंत गणित आमच्या बाजूस होतें; पुढें तें उलटलें. नेरळ ते माथेरान हा रस्ता सुमारें २१ किलोमीटरांचा. त्यास ६८ नीं भागिलें तरी ३०९ मीटर उरतात, आणि मातोश्रींनीं आम्हांस परवानगी दिली होती ती पलंगाखालीं सरकवितां येईल अशा एका फळीची! फळी १२० सेंटिमीटर लांब व ६० रुंद. म्हणजे डोंगराची ८२ मीटर लांब आणि ४१ मीटर रुंद एवढीच चिंधी तिच्यावर मावणार. काय घ्यावें यापेक्षां काय सोडावें यावरच आमचीं भांडणें अधिक झालीं. धाकट्यास बोगदा हवा होता. (मार्गावर बोगदा एकच आहे, आणि लोकांनीं त्यास ठेविलेलें विनोदी नांव या वार्षिकांत छापण्याजोगें नाहीं.) अखेर अमन लॉजचें स्टेशन व त्याच्या खालचें एक वळण एवढेंच घेतलें. खरी गाडी एकसारखी चढत जाते. आमची मात्र फळीला प्रदक्षिणा घालतांना मागल्या अंगास चढते व पुढल्या अंगास उतरते. या लबाडीस आमचा इलाज नव्हता.

थर्माकोलचे तुकडे रचून, त्यांवर खळींत भिजविलेले वर्तमानपत्राचे कागद चिकटवून डोंगर केला. माथेरानची माती तांबडी. सहलीहून आल्यावर मातोश्रींनीं आमचे बूट अंगणांत झाडावयास सांगितले होते. ते आम्हीं कागदावर झाडले व दोन चमचे माती जपून ठेविली. ती वस्त्रगाळ करून, पाण्यांत पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरविली. तेवढी स्टेशनापुढेंच पुरली. बाकीचा डोंगर गेरू कालविलेल्या साध्या वाळूचा आहे. पाहणारांस तो फरक कळत नाहीं, आम्हांस मात्र रोज दिसतो.

खऱ्या मार्गावर कित्येक ठिकाणीं वीस फुटांस एक फूट असा चढ आहे. आम्हींहि दर वीस सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर चढ ठेविला, आणि इंजिनाचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागलीं. रूळ स्पिरिटनें पुसले, पुठ्ठ्याच्या टपाखालीं इंजिनाच्या पोटांत शिशाचे तुकडे भरले, पांच डब्यांचे तीन केले. तेव्हां कोठें गाडी वर गेली.

मग माणसांची पाळी. अमन लॉजच्या पुढें मोटारींस मज्जाव असल्यानें तेथें घोडे हवेतच, ते केले. घोडेवाले, पाटी घेतलेली बाई, छत्री धरलेले एक गृहस्थ, आणि छपरावर दोन माकडें, हीं सारीं तारेवर कागदाचा लगदा चढवून केलीं. माकडांसाठीं आम्हीं तीन संध्याकाळ खर्च केल्या हें येथें नमूद केलें पाहिजे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं वडिलांचे मामा आमच्याकडे आले. ते नेरळचे, याच गाडीवर त्यांनीं उमेदीचीं वर्षें काढलीं. सगळी मंडळी जमल्यावर आम्हीं मोठ्या ऐटीनें गाडी सोडली. ती चढ चढून माथ्याशीं पोंचली, तोंच मधला आंकडा निसटला. मागले दोन डबे उलट्या दिशेनें सुटले, वळणावर रूळ सोडून थेट जमिनीवर आले. मंडळी पोट धरून हंसली. मामाआजोबा मात्र हंसले नाहींत. त्यांनीं डबे उचलून हातांत फिरवून पाहिले.

“काम सुबक केलंत रे,” ते म्हणाले, “पण ब्रेकवाला कुठं आहे?”

आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. मग त्यांनीं सांगितलें कीं, त्यांच्या वेळीं डब्यांवर हातानें फिरवावयाचे ब्रेक असत, आणि दोन डब्यांच्या मध्यें माणूस उभा राहून उतारावर ते आंवळीत असे. उन्हांत, धुक्यांत, एक हात दांड्याला व एक चाकाला. २०१६ सालीं डबे घसरल्यामुळें गाडी थांबविण्यांत आली, व पुढें डब्यांस हवेचे ब्रेक बसले. “मी तिथं उभा राहत असे,” असें म्हणून त्यांनीं दोन डब्यांमधल्या, आमची करंगळीहि शिरणार नाहीं एवढ्याशा फटीवर बोट ठेविलें.

वानरसेनेला तीन संध्याकाळ देणाऱ्या आम्हांस तें स्थळ कधींच दिसलें नव्हतें. आम्ही याच गाडीनें गेलों, आलों. खिडकींतून दरी पाहिली, शेंगा खाल्ल्या. पण पूर्वी ही गाडी उतारावर कोण धरीत होतें हें कोणास विचारलें नाहीं.

त्या रात्रीं दोन माणसें केलीं. जागा इतकी अरुंद, कीं पहिल्याचा हात तीनदां मोडला. सकाळीं त्यांस डब्यांच्या मध्यें चिकटवून फळी मामाआजोबांपुढें ठेविली. त्यांनीं चष्मा पुसला, खालीं वांकून बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, “या पुढच्याचं तोंड इंजिनाकडे करा. शिटी तिकडून येते.”

डिंक अजून ओला होता. आम्हीं चिमट्यानें तोंड फिरविलें.