घोड्यांच्या वाटेवरून सायकल

पुण्यात माझ्या पिढीच्या मुली सायकल शिकल्या त्या हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. शाळा, कॉलेज, शिवणाचा क्लास, मंडई, सगळं सायकलवर. पुढे लूना आली, स्कूटी आली आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. का सोडलीत, असं कुणी विचारलं की आम्ही सरळ सांगतो, ‘आता वय झालं.’ हे कारण किती खोटं आहे ते मला दक्षिण फ्रान्समध्ये कळलं.

ताईचा मुलगा तुलूझला विमानं बांधणाऱ्या कंपनीत आहे. त्यानंच टूम काढली. ‘मावशी, तू आणि आई रेल्वेनं बोर्दोला जा, तिथून सायकली भाड्यानं घ्या आणि कालव्याकाठानं इकडे या. साधारण अडीचशे किलोमीटर आहे. ट्रक दिसला तर पैज हरलो.’ ताईनं साठी ओलांडलेली, मी तिच्या मागोमाग. ती म्हणाली, ‘अरे, आम्हाला पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते.’ तो म्हणाला, ‘पायऱ्या चढायच्याच नाहीत.’

बोर्दो सोडल्यावर पहिला मोठा टप्पा जुन्या रेल्वेमार्गाचा. रूळ काढून त्या जागी डांबरी वाट केली आहे. 1937 ची ‘तूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव तिला दिलंय. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे वाट नरम. क्रेओंचं जुनं स्टेशन आता सायकलवाल्यांचा थांबा झालंय. पुढे ला सोव्हचा बोगदा लागतो. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि आत शिरताच दंडावर काटा आला. रूळ संपल्यावर कालव्यापर्यंत मात्र गावरस्त्यांवरून जावं लागतं. तिथे थोडे चढउतार आहेत, अधूनमधून मोटारीही भेटतात. पण मोटारवाले मागे थांबून राहत, हॉर्न न वाजवता. ताईला त्याचाच संकोच वाटे. ती उतरून बाजूला होई.

मग गॅरोन नदीला समांतर जाणारा कालवा लागला. दोन्ही काठांवर प्लेनचे उंच वृक्ष, काश्मीरच्या चिनाराच्या भावकीतले. खाली हिरवट, जवळजवळ न हलणारं पाणी आणि पाण्याला लागून सात-आठ फूट रुंदीची डांबरी वाट. ही वाट सायकलींसाठी केलेली नव्हती. पूर्वी मालाच्या नावांना दोर बांधून घोडे त्या ओढत नेत, ती त्यांची वाट. घोड्याला चालायला आणि दोर ताठ राहायला वाट पाण्यालगत, सपाट आणि मोकळी लागे. सायकलला तरी आणखी काय हवं असतं?

या सपाटीचं गणित समजून घ्यायला मी एका लॉकपाशी चांगला तासभर बसले. अलीकडे पाण्यावर तारेला एक दांडी लोंबकळत असते. नाववाला जाता जाता ती पिरगाळतो आणि यंत्र सुरू होतं. हिरवा दिवा लागला की नाव दोन दरवाजांमधल्या दगडी हौदात शिरते, मागचा दरवाजा मिटतो, पुढून पाणी सुटतं. नावेवरची आजी दोर हातात घट्ट धरून उभी, आजोबा सुकाणूवर. हौद खळखळत भरत गेला, आधी आजीची टोपी दिसली, मग चेहरा, मग गुडघे. काही मिनिटांत अख्खी नाव पुरुषभर उंच चढली, पुढचा दरवाजा उघडला आणि ती निघाली. दोन लॉकांमधलं पाणी सपाट, म्हणून काठची वाटही सपाट. सगळा चढ लॉकपाशी गोळा करून ठेवलेला. आमच्या वाट्याला तिथे दहा-वीस हातांची चढण, बस्स. 193 किलोमीटरच्या या कालव्यावर अशी 53 लॉक आहेत आणि सगळी मिळून चढण भरते जेमतेम सव्वाशे मीटर. स्वारगेटहून कात्रजचा जुना बोगदा गाठायला याहून जास्त चढावं लागतं.

चढ नव्हता, पण वारा होता. तुलूझकडून ओताँ नावाचा वारा वाहतो. तो सुटला की सपाट वाटसुद्धा घाटासारखी छातीवर येते. त्या दुपारी ताईनं गिअर सगळ्यात हलका केला, ओढणी कमरेला खोचली आणि वाऱ्याला पुणेरी भाषेत चार शब्द सुनावले. झाडांच्या मुळांनी डांबर उचललं होतं, तिथे कॅरिअरच्या पिशव्या दण्‌ दण्‌ आपटत. त्रास म्हणाल तर एवढाच.

वाहनं नसली की काय होतं, तर दोघी शेजारी शेजारी सायकल चालवू शकतात. पुण्यात सायकलवर असताना कान सतत मागे लागलेले असतात. इथे ते मोकळे झाले. घरी पाहुणे, स्वयंपाक, टीव्ही यांत कधी निघाला नसता तो आईच्या पाटल्यांचा विषय निघाला आणि पुढचं लॉक यायच्या आत मिटलाही. मध्येच पाण्यातून मिशाळ, केसाळ काहीतरी पोहत गेलं. ‘बाई गं, केवढी घूस!’ ताई ओरडली. तो कॉयपू होता. दक्षिण अमेरिकेतून फरसाठी आणलेला आणि इथलाच होऊन बसलेला.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं. बेकऱ्या दुपारी बंद होतात आणि सोमवारी कित्येक उघडतच नाहीत, हे लवकरच समजलं. पण मार्माँदचे मांसल टोमॅटो, आझाँचे सुकवलेले आलुबुखार, मोआसाकची बारीक सोनेरी द्राक्षं हे सगळं वाटेवरचंच. रात्री मुक्कामी भात आणि मेतकूट. ल मास दाझने नावाच्या खेडेगावाच्या चर्चकडे तर खुद्द रेम्ब्राँटनं 1631 मध्ये काढलेलं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे.

आझाँला कालवाच पुलावरून नदी ओलांडतो. 23 दगडी कमानी, लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला हाताच्या अंतरावर कालव्याचं स्थिर पाणी, दुसऱ्या बाजूला कठड्याखाली खूप खोल वाहती गॅरोन. नदीच्या वर पाणी आणि त्या पाण्यावर नाव, हे पाहून ताई सायकलवरून उतरली आणि पूल चालत ओलांडला.

मोआसाकला जुना मठ आहे. त्याच्या इसवी सन 1100 मधल्या अंगणाभोवतीच्या खांबांवर बायबलमधल्या कथा कोरल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा मठाचं भोजनगृह पाडलं, अंगण कसंबसं वाचलं. रेल्वेनं कालव्यालाही असंच गाठलं. पिढ्यान्‌पिढ्या रखडलेला समुद्र ते समुद्र जलमार्ग 1856 मध्ये पुरा झाला आणि त्याच सुमाराला शेजारून रूळ पडले. पुढे कालव्याचा कारभारही रेल्वे कंपनीच्याच हाती गेला. माँतेशला पाच लॉक वाचवण्यासाठी 1974 मध्ये केलेली करामत बघितली. रबरी टायरांची दोन इंजिनं उतरत्या नाल्यातून पाण्याची पाचर ढकलत वर नेत आणि नाव त्या पाचरीवर तरंगत जाई. आता तीही बंद आहे, बघण्यापुरती उरली आहे. माल गेला म्हणून काठ रिकामे झाले, काठ रिकामे झाले म्हणून ते आम्हाला मिळाले.

मोआसाकहून स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू याच काठानं चालतात. पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधलेला. समोरून एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ आला. ताईनं सायकल थांबवली, हात जोडले आणि म्हणाली, ‘माउली!’ त्यानंही काठी काखेत धरून हात जोडले.

तुलूझमध्ये कालव्याच्या काठाकाठानं थेट शहराच्या मध्यात शिरलो. इथून पुढे भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा 240 किलोमीटरचा जुना कालवा पिएर-पॉल रिकेनं बांधला. तो 1681 मध्ये खुला झाला, रिके आदल्याच वर्षी वारला. त्या काठावरच्या प्लेन वृक्षांना बुरशीचा रोग लागलाय. हजारो झाडं तोडून नवी लावताहेत, म्हणून सावली सगळीकडे धरून चालू नये.

परतल्यावर मी आपल्या कालव्याकडे नव्यानं पाहिलं. खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्यानं, हडपसरवरून इंदापूरकडे जाणारा मुठा उजवा कालवा. त्यावर नावा नाहीत, लॉक नाहीत, पाणी येतं ते आवर्तनानुसार. पण पाणी आपसूक वाहावं म्हणून तोही अगदी मंद उतारानं आखलेला आहे आणि काठानं देखभालीची वाट आहे. उड्डाणपुलांच्या खर्चातला अगदी थोडा वाटा जरी या काठांवर झाला, तरी शहराबाहेर शेतांतून जाणारी सलग वाट मिळेल. मागणी मात्र आपण करायला हवी.

तोवर ज्यांना परदेशी जाणं जमतंय त्यांनी मे-जून किंवा सप्टेंबर धरावा. रोज तीस-चाळीस किलोमीटर पुरे. रेल्वे बराचसा वेळ कालव्याच्या जवळून जाते, तेव्हा थकलात तर स्टेशन गाठा आणि सायकल गाडीत चढवा, फक्त उन्हाळ्यात आरक्षणाची चौकशी आधी करा. गादीदार सीट मागून घ्या, मेतकूट विसरू नका. आणि वयाचं कारण मला सांगू नका. आमची सायकल वयानं नाही, रहदारीनं सोडवली होती.