बावन्नातून सदतीस

बावन्नातून सदतीस वजा करायला दिले की तिसरीतलं पोर पाटीवर पंचवीस लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं, पाचातून तीन काढतं आणि खुशीत पाटी पुढे करतं. माझी सगळी नोकरी या पंचविसाशी झगडण्यात गेली. आता निवृत्ती दिसू लागली आहे आणि पंचवीस अजून जागच्या जागी आहे.

दहा-दहाचे गठ्ठे सगळेच शिक्षक करतात, मीही करते, आमच्याच रानातल्या तुराट्यांचे. गठ्ठ्यांत पोर चुकत नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या की एका गठ्ठ्याचं रबर काढतं, दहा काड्या त्या दोनांत मिसळतं, सात बाजूला सारतं आणि मग तीन गठ्ठे उचलतं. फरशीवर एक गठ्ठा आणि पाच काड्या उरतात. "किती राहिले?" "पंधरा, बाई." आता हेच पाटीवर मांड म्हटलं, की पेन्सिल पुन्हा सातातून दोन काढते. समोर पंधरा काड्या पडलेल्या असतात, पाटीवर पंचवीस लिहिलेले असतात आणि दोन्हींत काही विसंगत आहे असं त्याला वाटतच नाही. फरशी आणि पाटी यांच्यात वीतभर अंतर असतं. माझा सगळा धंदा त्या वीतभर अंतरातला आहे.

त्यात घरचं शिकवणं येऊन मिसळतं. आमच्या लहानपणी हातचा खालच्या अंकात मिळवायला शिकवत. आता वरचा दशक खोडून एकाने कमी करतात. संध्याकाळी बाप आपल्या पद्धतीने सांगतो, सकाळी मी माझ्या. मग पोर दोघांचाही मान राखतं: वर पाचाचे चार करतं, खाली तिनाचेही चार करतं आणि उत्तर येतं फक्त पाच. असा पाच दिसला की मला कळतं, या घरात कोणीतरी पोराला जवळ घेऊन बसलं होतं. त्या पाचावर मी कधीच लाल रेघ ओढत नाही.

हे दुखणं माझ्या एकटीच्या वर्गाचं नाही. 2005 पासून 'असर'चे लोक गावोगाव मुलांची वाचन-गणिताची चाचणी घेतात. त्यांच्या गणितातली एक पायरी म्हणजे हीच, दोन अंकी, हातच्याची वजाबाकी. 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या जेमतेम एक तृतीयांश मुलांना ती आली. बाकीची मुलं गणितात कच्ची आहेत हे मी मानत नाही. पन्नासातून सदतीस गेले की पाटीवर सत्तावीस लिहिणारं पोर दुकानात पन्नासची नोट देऊन सदतीसचं तेल-मीठ आणतं, आणि परत आलेले तेरा रुपये आईच्या हातावर मोजून ठेवतं.

या गोंधळात आपल्या आकड्यांची नावंही भर घालतात. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! टीव्हीवर, विधानसभेत, चावडीवर सगळ्यांनी चेष्टा केली. त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या. त्यांना हसणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तिसरीच्या वर्गात खडू धरला असेल. आपण 'बावन्न' म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. बावन्नात पाच गठ्ठे आहेत हे पोराला ऐकू येतच नाही. 'पन्नास दोन' म्हटलं की ऐकू येतं. मी तेव्हाही दोन्ही म्हणून घेत होते, आजही घेते. नारळीकर बाई 2023 मध्ये गेल्या, त्या दिवशी परिपाठात मी त्यांचं नाव मुलांना सांगितलं.

गठ्ठ्यांच्या तुराट्या ज्या रानातून येतात ते माझ्या सासरचं, मंगळवेढ्याचं काळं रान. मालदांडी ज्वारी हे आमचं खरं पीक. डी.एड. होऊन नोकरी लागली तेव्हा लोकांना वाटलं, आता ही बाई बांधावर दिसायची नाही. पण मला रान सोडवलं नाही. ह्यांनी कधी 'चल' म्हटलं नाही, की 'नको' म्हटलं नाही; पहाटे धार काढून झाली की खुरपं माझ्या हाताशी ठेवायचे, एवढंच. 2019 च्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीत होती आणि हेही तिथेच मुक्कामाला. सकाळची शाळा सुटली की मी भाकरी घेऊन जायची. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिथेच आपापल्या म्हशींपाशी बसलेली सापडायची. मग छावणीतच उजळणी व्हायची. शाळा आणि रान या दुहेरी संसाराचं मला कधी ओझं वाटलं नाही. पगार घरात आला म्हणून जनावरं विकावी लागली नाहीत, आणि रानात राबले म्हणून ज्वारीच्या काढणीत गैरहजर राहणाऱ्या पोराला मी कधी आळशी म्हटलं नाही.

काढणीने मात्र हात घेतला. ज्वारी मुळासकट उपटून उपटून उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आहे. फळ्यावरचं माझं अक्षर आता थरथरतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत नमुना पाठ घ्यायला मलाच उभं करायचे ते पाठाइतकंच अक्षरासाठी. ते कौतुक मला हवं असायचं, अजूनही हवं आहे.

यंदा पौषात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. कडबा मोजून देण्याचं काम त्यांचं. दर शेकड्याने ठरतो. पाच-पाच पेंढ्या मोजत त्या शंभराला एक खडा बाजूला ठेवायच्या. पाचशेतून दोनशे पासष्ट गाडीत भरल्या की गाडीवाला मोबाइल काढायचा, तोवर ह्या म्हणायच्या, "पासष्टाला पस्तीस, झालं तीनशे, वर दोनशे. दोनशे पस्तीस ऱ्हायल्या." मी वही काढली की हसायच्या. "मास्तरीणबाई, याला कागुद कशाला लागतोय?" फाल्गुनात गाडी आली तेव्हा मोजायला मी उभी राहिले. दोनशे पासष्ट भरून झाल्यावर वही न काढता मीही पस्तीस घातले, वर दोनशे धरले आणि आकडा सांगितला. कुठलाही दशक फोडला नाही, कशातून काही उसनं घेतलं नाही. दुकानातून तेरा रुपये आणणारं पोर हेच करत असतं.

तेव्हापासून वर्गात उभी मांडणी मी लांबवते. आधी तोंडी. सदतिसाला तीन, चाळीस, दहा, पन्नास, दोन, बावन्न. तीन, दहा, दोन मिळून पंधरा. पोरं भराभर सांगतात. त्यातलं कोणी नंतर पाटीवर पंचवीस लिहिलं, तर स्वतःच थबकतं आणि पुसतं. ते थबकणं मला इतकी वर्षं हवं होतं.

पण काळजी संपलेली नाही. मूल्यमापनाच्या पेपरात हातचा दाखवावा लागतो. पुढे मोठा भागाकार आला की ओळीखाली ओळ वजाबाकी करावी लागते, तिथे पस्तीस घालत बसलं तर पोर अडकतं. आणि तीनशे चारातून एकशे अठ्ठावीस! मधल्या शून्यापाशी दशक मागायला गेलं की तिथे काहीच नसतं, शतकाच्या दारात जावं लागतं. तोंडी एकशे शहात्तर सांगणारी पोरं लिहिताना तिथे अजून कोसळतात. यावर माझ्याकडे उपाय नाही.

तालुक्याला अबॅकसचे क्लास निघाले आहेत. पिवळ्या गाडीतून जाणारी पोरं मणी सरकवून क्षणात उत्तर देतात. वेगाचं मला कौतुक आहे, पण पंधरा म्हणजे किती पेंढ्या हे त्यांना विचारावंसं वाटतं. माझ्याच शाळेतले तरुण सर टॅबवर वजाबाकीचा खेळ लावतात, दशक आपोआप फुटून खाली येतो. माझं म्हणणं, तो पोराच्या बोटांनीच फुटला पाहिजे. आमचं यावर रोज वाजतं. एका काळजीत मात्र आम्ही एक आहोत. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना पुढे आली, तेव्हापासून आम्हा दोघांचाही जीव पटावर टांगलेला आहे. शाळा दूर गेली तर पोराला जवळ घेऊन बसणाऱ्या बापाला दुसऱ्या दिवशी बाईंना येऊन विचारता येणार नाही, की हातचा वर घ्यायचा का खाली.

अठ्ठावन्न पूर्ण झाले की मी घरी बसेन, म्हणजे रानात जाईन. निरोप समारंभाची, शाल-श्रीफळाची मला ओढ नाही. एक हाव मात्र आहे आणि ती मोठी आहे. पाचवीला हायस्कुलात गेलेल्या पोराने तीनशे चारातून एकशे अठ्ठावीस बरोबर वजा करावेत आणि तिथल्या गुरुजींनी विचारावं, "कुणाच्या हाताखालचा रे तू?" त्याने माझं नाव घ्यावं, आणि ते फिरत फिरत माझ्या कानावर यावं.