पेशी सुट्या करताना

मशीन कितीचं, असं पाहुण्यांनी विचारलं की मी त्यांना आधी बर्फाचं खोकं दाखवते. एकेका पेशीतली जनुकं वाचण्याच्या आमच्या कामाची निम्मी लाज तिथे राखली जाते. टिश्यूचा तुकडा बारीक कापायचा, कोलॅजिनेज हे एन्झाइम घालून पेशी सोडवायच्या, गाळायच्या आणि तडक बर्फात ठेवायच्या. मग ट्रिपॅन ब्लू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, गोल आणि चकचकीत दिसते; मेलेली निळी पडते. निळ्या फार दिसल्या तर नमुना सरळ टाकून द्यावा. पुढचं किट महाग असतं, आणि फुटलेल्या पेशींतून सांडलेला आरएनए सगळ्या थेंबांत शिरतो तो वेगळाच.

तेलातल्या या इवल्या थेंबांत एक पेशी आणि एक मणी एकत्र यावा लागतो. मण्यावरचा बारकोड त्या पेशीच्या आरएनएवरून बनलेल्या प्रतींना लागतो, म्हणून पुढे सगळं एकत्र वाचलं तरी कुठलं कुणाचं ते कळतं. एका थेंबात दोघी घुसू नयेत म्हणून पेशी इतक्या विरळ सोडतात की बहुतेक थेंब रिकामेच जातात. तरी काही जोड्या निसटतात आणि नव्या प्रकारची पेशी म्हणून मिरवतात!

खऱ्या नवलाईची किंमत मात्र मोठी. 2018 मध्ये श्वासनलिकेच्या अस्तरात आयनोसाइट नावाची पेशी सापडली. शंभरात जेमतेम एखादी, पण सिस्टिक फायब्रोसिसशी जोडलेलं सीएफटीआर जनुक सर्वाधिक चालू असतं ते तिच्यात. सगळ्या पेशींची सरासरी काढत बसलो असतो तर ती दिसलीच नसती.

त्याच्या आदल्या वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूतल्या मूळपेशी तपासल्या. काहींमध्ये फॉस, जून ही जनुकं जोरात चालू होती. वेगळा गट वाटावा असंच चित्र. निघालं असं, की सुट्या करतानाच्या धकाधकीनेच ती चालू झाली होती. कोलॅजिनेजला 37 अंशांची ऊब लागते, आणि त्या उबेत पेशीही स्वस्थ बसत नाही. थंडीत काम करणारी एन्झाइम्स आता आहेत, पण प्रत्येक टिश्यू त्यांना दाद देत नाही.

तेव्हा पेशींच्या गटांचा रंगीत ठिपक्यांचा नकाशा कुणी समोर ठेवला, तर पेशी किती वेळ आणि किती अंशांवर सोडवल्या ते आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या कोपऱ्यातल्या नव्या गटावर मी तरी विश्वास ठेवत नाही.